सुपारी तोंडापुरती थांबत नाही

आपल्याकडे शुभकार्याचा आरंभ सुपारीने होतो. तांदळाच्या राशीवर मांडली की तीच गणपती होते, लग्न ठरले की ती फोडली जाते, कीर्तनकाराला आमंत्रण द्यायचे तर तीच त्याच्या हातावर ठेवतात. एवढा मान असलेल्या वस्तूवर संशय घेणे म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्या माणसावर आळ घेण्यासारखे वाटते. तरी आजच्या लेखात मी तो आळ घेणार आहे. पूजेतल्या सुपारीवर नव्हे. सकाळी उठल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत जी गालात असते, तिच्यावर.

तंबाखूने आणि गुटख्याने तोंडाचा कर्करोग होतो, हे आता शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. पुडीवर तसे चित्रच छापलेले असते. परंतु सुपारी तोंडापुरती थांबत नाही, तिचा रस पोटात जातो आणि पोटातून यकृतात, हे फारसे कोणी बोलत नाही. रुग्ण सांगत नाहीत, कारण सुपारीला ते व्यसन मानतच नाहीत. आणि आम्ही डॉक्टर मंडळीही सहसा विचारत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की यकृताच्या प्रत्येक रुग्णाला दारूइतक्याच आवर्जून सुपारीबद्दल विचारले पाहिजे, आणि ‘तंबाखू नाही, नुसती सुपारी आहे’ हे समाधान आपण सर्वांनी सोडून दिले पाहिजे.

‘दारूले त हात बी लावत नाही’

भुसावळ हे जागणारे गाव आहे. जंक्शनवर चोवीस तास गाड्या, रेल्वेचा रनिंग स्टाफ, आयुध निर्माणीतले कामगार, दीपनगरच्या वीज केंद्रातल्या पाळ्या, आणि रावेर-यावलकडून केळीच्या गाड्या भरणारे मजूर. रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून कोणी चहा घेतो, कोणी गालात सुपारीचे खांड धरतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला की अन्नावरची वासना उडते. मग जेवणाऐवजी पुडी तोंडात जाते. भूक मारते, झोप घालवते, अंगात थोडी ऊब आणि डोक्यात थोडी तरतरी आणते. असे सगळे गुण एका वस्तूत असले की तिला औषधाचा मान मिळायला वेळ लागत नाही.

अशातला एखादा माणूस दवाखान्यात येतो. महिना-दोन महिन्यांपासून थकवा, जेवण जात नाही, संध्याकाळी पायावर सूज, पोट फुगल्यासारखे. डोळे किंचित पिवळे. ‘दादा, दारू घेता का?’ असे विचारले की तो दुखावतो. ‘डॉक्टरसाहेब, दारूले त मी हात बी लावत नाही. माळकरी माणूस आहे.’ तंबाखू? ‘नाही.’ बिडी? ‘नाही.’ बहुतेक दवाखान्यांत चौकशी इथेच संपते. पण थोडे थांबून ‘गालात काय आहे?’ असे विचारले, तर तो ओशाळून हसतो आणि म्हणतो, ‘ती काय, नुसती सुपारी.’

दिवसाला किती, हे विचारले की आकडा बाहेर पडत नाही. खांड मोजून कोण खातो? मग मी विचारतो, पाव किलो किती दिवस पुरते? त्याचे उत्तर मात्र लगेच मिळते, कारण ते घरखर्चाच्या हिशेबात असते. पुष्कळांच्या बाबतीत ते उत्तर ऐकून शेजारी बसलेली बायकोच मान हलवते.

अशा एका माणसाचे यकृत सुपारीनेच बिघडले, असे त्याच्यापुरते सिद्ध करता येत नाही आणि मी तसे म्हणतही नाही. पण जी वस्तू रोज दहा-बारा तास शरीरात झिरपत असते, तिचे नाव केसपेपरवर लिहायचेच नाही, हे कोणत्या शास्त्रात बसते?

यकृत बोलत का नाही

यकृत हा पोटातील सर्वांत मोठा अवयव. मोठ्या माणसात त्याचे वजन सव्वा ते दीड किलो भरते. उजव्या बाजूला बरगड्यांच्या आड तो बसलेला असतो. पित्त तयार करणे, साखर साठवणे आणि लागेल तशी रक्तात सोडणे, रक्त गोठण्यासाठी लागणारी प्रथिने बनवणे, आणि शरीरात आलेल्या औषधांचा व विषांचा निचरा करणे, ही त्याची मुख्य कामे. आपण जे गिळतो त्यातले बरेचसे पदार्थ आतड्यातून पोर्टल नावाच्या मोठ्या शिरेत जातात आणि ती शीर थेट यकृतात उघडते. गावाच्या वेशीवर जसा जकात नाका असायचा, तसे हे आहे. बाहेरून आलेला माल आधी नाक्यावर तपासला जातो, मग गावात शिरतो. वाईट माल रोज येत राहिला तर पहिला मार नाक्यावरच्या माणसाला बसतो.

यकृताची एक अडचण अशी की ते सहजासहजी दुखत नाही. दात किडला की माणूस रात्रभर तळमळतो. यकृताचा निम्मा भाग निकामी झाला तरी त्याला पत्ता लागत नाही. पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या तयार होतात. यकृताची ही ताकद मोठी आहे. पण मार वर्षानुवर्षे चालू राहिला की नव्या पेशींच्या जागी निबर तंतू भरतात, आणि मऊ अवयव घट्ट, गाठीगाठींचा होतो. यालाच सिरॉसिस म्हणतात. पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी, बरळणे, गुंगी ही त्याची पुढची लक्षणे. त्यातल्या काहींना पुढे यकृताचा कर्करोग होतो. डोळे पिवळे दिसण्याची वाट पाहणारा माणूस म्हणूनच बहुधा उशिरा येतो.

सुपारीत असते तरी काय?

सुपारी हे पोफळीचे बी. कोकणात श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. बाकी गोवा, कर्नाटक, केरळ, आसाम इकडून ती येते. आपल्या खानदेशात पोफळीचे एक झाड औषधाला सापडणार नाही, पण सुपारी नसलेली टपरीही सापडणार नाही. सुपारीच्या उत्पादनात आणि खपात भारत जगात पहिला आहे. जगभर सुमारे ६० कोटी लोक सुपारी खातात, असा अंदाज आहे. तंबाखू, दारू आणि चहा-कॉफीतले कॅफिन यांच्या खालोखाल मनावर परिणाम करणारी ही चौथ्या क्रमांकाची वस्तू.

तिच्यात ॲरेकोलिन नावाचे द्रव्य असते. तरतरी, घाम, कानशिले गरम होणे, लाळ सुटणे हे सारे त्याचेच खेळ. चुना लावला की तोंडातला क्षार वाढतो आणि ही द्रव्ये अधिक मोकळी होतात. लाळेत त्यांच्यापासून नायट्रोसमाइन जातीची संयुगे तयार होतात आणि त्यांतली काही कर्करोगजनक आहेत. सुपारीत तांब्याचे प्रमाणही बरेच असते. तोंडाच्या आतली मऊ कातडी निबर होऊन तोंड उघडेनासे होण्याच्या रोगात या तांब्याचा हात असावा, असे मानले जाते.

या रोगाचा इतिहास आपल्याच माणसांचा आहे. १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये त्याचे वर्णन झाले. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातील रुग्ण पाहून त्याला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हे नाव दिले. आज अशा रुग्णाला आम्ही स्वतःची तीन बोटे उभी तोंडात घालायला सांगतो. विशी-पंचविशीच्या मुलाची दोन बोटेही जात नाहीत, तेव्हा बरोबर आलेल्या आईचा चेहरा पाहवत नाही. सांगायचे ते हे की या रोगाचे मुख्य कारण सुपारी आहे. तंबाखूचा कणही न खाणाऱ्याला तो होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये तंबाखूसह खाल्लेला विडा कर्करोगजनक ठरवला होता. पुढे तिने तंबाखूशिवायचा विडा आणि नुसती सुपारीही त्याच यादीत घातली. तो अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१२ च्या अहवालात तिने आणखी एक नोंद केली. तंबाखूशिवाय विडा खाणारे आणि यकृताचा कर्करोग यांच्यात संबंध दिसतो. आपल्या वाचकांनी हे वाक्य दोनदा वाचावे. तंबाखूशिवाय, आणि यकृताचा.

तैवानच्या डॉक्टरांनी काय पाहिले

हा संबंध प्रथम नीट पाहिला तो तैवानमध्ये. तिथे पुरुषांत सुपारी खाण्याची मोठी चाल होती. ट्रकचालक, मच्छीमार, बांधकामावरचे मजूर, म्हणजे जागरण आणि अंगमेहनत करणारेच लोक. आपल्याकडच्या खाणाऱ्यांशी ताडून पाहा. तिथली सुपारी कोवळी, हिरवी. तिला चुना लावतात, सोबत नागवेलीचे पान किंवा तुरा असतो, पण तंबाखू नसते. त्यामुळे दोष तंबाखूवर ढकलता येत नाही.

तिथल्या डॉक्टरांनी २००१ मध्ये यकृताच्या कर्करोगाचे २६३ रुग्ण आणि त्याच वयाची तितकीच निरोगी माणसे यांची तुलना प्रसिद्ध केली. दारू, सिगारेट, हिपॅटायटिस बी आणि सी या साऱ्यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही सुपारी खाणाऱ्यांत या कर्करोगाचा धोका तिपटीहून जास्त निघाला. २००३ मध्ये सिरॉसिसच्या रुग्णांवर तसाच अभ्यास झाला आणि उत्तरही त्याच दिशेचे आले. ज्याला हिपॅटायटिसचा विषाणू आहे आणि जो सुपारीही खातो, त्याचा धोका सर्वांत अधिक.

दुसरा धागा लंडनचा आहे. तिथल्या आशियाई वस्तीत काम करणाऱ्या संशोधकांनी १९९४ मध्ये उंदरांना सुपारी खाऊ घालून पाहिली, तर काही उंदरांच्या रक्तातली साखर आवाक्याबाहेर गेली. त्यानंतर सुपारी खाणाऱ्या माणसांतही वाढलेला कमरेचा घेर, मधुमेह आणि रक्तदाब यांचे प्रमाण जास्त असल्याचे अभ्यास झाले. पोट सुटणे, साखर वाढणे आणि यकृतात चरबी साचणे ही तिन्ही भावंडे आहेत. दारू न पिणाऱ्याच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ असे लिहून आले की आपण तेल-तुपाला दोष देतो. गालातल्या खांडाला कोणी देत नाही.

बुरशीची सुपारी

आणखी एक गोष्ट आहे आणि ती गोदामातली आहे. ओलसर जागेत ठेवलेल्या सुपारीला बुरशी लागते. काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात आणि हे विष यकृताचा उघड शत्रू आहे. १९७४ साली आपल्या शेजारच्या गुजरातेतील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या आदिवासी भागांत पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका खाऊन शेकडो माणसांना कावीळ झाली, पोटात पाणी झाले. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. तो मका होता, पोट भरण्यासाठी खाल्लेला. सुपारी तेवढी कोणी खात नाही. पण तेच विष भारतातल्या बाजारातल्या सुपारीतही सापडलेले आहे, आणि सुपारी खाणारा ती एका हंगामापुरती खात नाही, तीस-चाळीस वर्षे खातो.

शिवाय अख्खी सुपारी अडकित्त्याने फोडली तर आतला काळा, किडका भाग डोळ्यांना दिसतो. आजी तो बाजूला टाकायची. पुडीत बारीक केलेल्या, रंग आणि सुगंध चढवलेल्या सुपारीत तो कसा दिसावा? वासाने माल लपतो, हे व्यापाऱ्याला आपल्यापेक्षा चांगले कळते.

एका प्रश्नाची किंमत

चघळण्याच्या वस्तूने यकृत बिघडते, ही गोष्ट एकट्या सुपारीची नाही. येमेन, सोमालिया, इथिओपिया या देशांत ‘खात’ नावाच्या झुडपाची कोवळी पाने चघळण्याची जुनी रीत आहे. पाहुणा आला की आपण पानसुपारी पुढे करतो, तसे ते खात पुढे करतात. तीच तरतरी, तीच भूकमोड, तोच ‘ही तर आपली परंपरा’ हा युक्तिवाद. २०१० मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी यकृताला तीव्र इजा झालेल्या सहा माणसांची हकिगत वैद्यकीय मासिकात छापली. सगळे सोमालियाकडचे आणि सगळे खात चघळणारे. २०१८ मध्ये पूर्व इथिओपियातल्या हरार गावच्या रुग्णालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही खात चघळणाऱ्यांत जुनाट यकृतरोगाचा धोका वाढलेला दिसला. तिथे अनेक रुग्णांच्या आजाराचे कारण सापडत नव्हते. दारू नाही, विषाणू नाही. ‘तुम्ही काय चघळता, किती वर्षे?’ हा प्रश्न शिस्तीत विचारला, तेव्हा वाट दिसली.

आपल्याकडेही असे रुग्ण असतात, ज्यांच्या कागदावर शेवटी ‘कारण अज्ञात’ असे लिहिले जाते. त्यांतल्या प्रत्येकाच्या गालात सुपारी असेल असे नाही. पण विचारल्याशिवाय कळणार कसे?

तीन नेहमीचे आक्षेप

हे बोलले की तीन आक्षेप ठरलेले असतात. पहिला : ‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत विडा खात होते.’ खात असतील. पण त्यांचा विडा जेवणानंतरचा होता. पान, कात, चुना, वेलदोडा, लवंग, बडीशेप यांत सुपारीचे दोन तुकडे. तो जमवायला पानाचा डबा, अडकित्ता आणि निवांत वेळ लागे. ती निवांतपणाच व्यसनाला लगाम घालत असे. आज दात लावून पुडी फोडली की काम झाले, आणि दिवसात अशा किती पुड्या फुटल्या ते रस्त्याच्या कडेला पाहून कळते. आजोबांच्या विड्याचा दाखला नातवाच्या पुडीला लागू होत नाही.

दुसरा : ‘यकृत बिघडायला दारू आणि हिपॅटायटिस पुरेसे नाहीत का?’ आहेत, आणि त्यांचा क्रमांक आजही वरचाच आहे. दारू सोडून सुपारीच्या मागे लागा, असे मी म्हणत नाही. पण आधीच ओझे असलेल्या बैलाच्या पाठीवर आणखी एक पोते टाकताना ‘हे तर हलकेच आहे’ असे म्हणण्यात शहाणपण नाही. दारू पिणारा बहुधा सोबत पुडीही खातो, हे विसरू नये.

तिसरा आक्षेप आयाबायांचा असतो : ‘पोरगं गोड सुपारी खातं, गुटखा तर खात नाही ना?’ गोड सुपारी ही गुटख्याची बालवाडी आहे. ॲरेकोलिन साखरेत घोळले म्हणून त्याचा गुण बदलत नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलाला तरतरीची सवय लावून मग सोळाव्या वर्षी त्याच्या खिशात पुडी सापडली म्हणून रडण्यात काय अर्थ?

बंदी आणि टपरी

कायद्याचे काय, असे वाचक विचारतील. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटखाबंदी केली होती. ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. नंतर २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आला आणि त्याच्या आधारे जुलै २०१२ मध्ये राज्याने गुटखा व पानमसाल्यावर पुन्हा बंदी घातली. पुढे सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही तिच्या कक्षेत आली. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे दिसले. बंदीनंतर चार-पाच वर्षांनीही दर चौथ्या माणसाच्या तोंडात काहीतरी होतेच.

मुळात साधी सुपारी या बंदीत येत नाही, येऊ शकेल असे वाटतही नाही. जी वस्तू देवघरात आहे ती पोलिसांच्या पंचनाम्यात कशी आणणार? पोफळीवर कोकणातल्या आणि कर्नाटकातल्या लाखो कुटुंबांचे पोट आहे, हेही खरे. म्हणून माझा भरवसा कायद्यापेक्षा सवयीवर आहे. तैवानमध्ये २००७ च्या सुमारास प्रौढ पुरुषांपैकी सुमारे १७ टक्के सुपारी खात होते. पुढच्या दहा वर्षांत ते प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आले. तिथे सरकारने सुपारी खाणाऱ्यांची तोंडाची मोफत तपासणी केली, ३ डिसेंबर हा सुपारीविरोधी दिवस ठरवला, आणि बागाईतदारांना दुसऱ्या पिकाकडे वळण्यासाठी मदत दिली. धमकीपेक्षा तपासणी आणि पर्याय अधिक चालतात, असा त्याचा अर्थ मी घेतो.

आमच्या धंद्याचीही यात जबाबदारी आहे. सरकारी असो की खासगी, प्रत्येक केसपेपरवर ‘सुपारी : रोज किती, किती वर्षे’ असा एक रकाना असावा. याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. रेल्वे, आयुध निर्माणी, वीज केंद्र इथल्या कामगारांची ठरावीक काळाने तपासणी होते. तिथे हा एक प्रश्न वाढवणे अवघड नाही. दहा वर्षे हे लिहिले गेले, तर खानदेशातल्या यकृतरोगाबद्दल आपल्याला तैवानकडे पाहावे लागणार नाही.

कावीळ झाली तर

डोळे पिवळे झाले की आपल्याकडे माणूस आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे जातो. कोणी गळ्यात माळ घालतो, कोणी चुन्याच्या पाण्यात हात धुववून पिवळे पाणी दाखवतो. माळ लांबत जाते आणि कावीळ उतरल्याचे समाधान मिळते. साध्या विषाणूची कावीळ आपोआपच बरी होत असते, म्हणून श्रेय माळेला जाते. पण ज्याला आतून सिरॉसिस होत आहे, त्याचे मोलाचे महिने यात निघून जातात. आणि एक विसंगती मी कितीदा पाहिली आहे. रुग्णाने हळद सोडलेली असते, तेल सोडलेले असते, फोडणीचे वरणसुद्धा वर्ज्य केलेले असते, उसाच्या रसावर दिवस काढलेले असतात. पण सुपारी चालूच असते. सोडायची होती ती एक वस्तू राहिली, आणि न सोडता चालले असते त्या सगळ्या सुटल्या.

आता करायचे काय, ते थोडक्यात सांगतो.

जो रोज सुपारी खातो, मग ती भाजकी, चिकणी, कच्ची, मसाल्याची कोणतीही असो, आणि ज्याला हे करून पाच-दहा वर्षे झाली आहेत, त्याने एकदा यकृताची रक्ततपासणी, हिपॅटायटिस बी व सी ची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी. हिपॅटायटिसच्या तपासणीसाठी आणि उपचारासाठी २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्याच्या केंद्रांवर औषधे मोफत मिळतात. आपल्या सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. हिपॅटायटिस बी ची लस बाळांना सरकारी लसीकरणात मिळते. मोठ्यांनी राहिली असल्यास विचारून घ्यावी. ज्याला हिपॅटायटिस आहे, फॅटी लिव्हर आहे किंवा जो दारू पितो, त्याच्यासाठी सुपारीचे ‘थोडे चालेल’ असे प्रमाणच नाही.

सोडताना पहिला आठवडा जड जातो. चिडचिड, डोके जड, कामात लक्ष नाही, तोंडाला चुकल्यासारखे. हा सवयीचा सूड आहे, अशक्तपणा नव्हे, तो उतरतो. तोंडात काही हवेच असेल तर भाजकी बडीशेप, ओवा, धनाडाळ, लवंग, वेलदोडा ठेवा. वाळवलेल्या आवळ्याच्या फोडींना नाव ‘आवळा सुपारी’ असले तरी त्यात सुपारी नसते, ती चालेल. तयार मुखवास घेताना मात्र त्यात सुपारीची कात्रण नाही ना, हे पाहून घ्या. सोबत तंबाखूही असेल आणि एकट्याने जमत नसेल, तर सरकारची मोफत दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे. खिशात पुडी न ठेवणे आणि टपरीवर मित्रांबरोबर न थांबणे, हे दोन नियम पहिल्या महिन्यात पाळले तर अर्धे काम होते.

घरातल्या बायकांना एक विनंती. जेवणानंतर पाहुण्यापुढे जे तबक येते, त्यातली सुपारीची वाटी काढून बडीशेपेची ठेवा. त्याने कोणाचा अपमान होत नाही. लग्नाच्या पंगतीतही हे होऊ शकते. मुलांच्या हातात गोड सुपारीचे पाकीट दिसले तर ते हसण्यावारी नेऊ नका.

पाटावरची सुपारी पाटावरच शोभते. पूजा आटोपली की ती डब्यात ठेवावी, पुढच्या पूजेला पुन्हा काढावी. यकृत सुधारण्याची संधी माणसाला पुष्कळ वेळा देते, पण ती संधी निबर तंतू भरायच्या आधी घ्यावी लागते. म्हणून ज्यांच्या गालात हे वाचतानाही खांड असेल, त्यांनी ते आत्ता थुंकावे, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपणहून सांगावे : ‘साहेब, मी सुपारी खात होतो, इतकी वर्षे, इतकी.’